तिकिटावरचं 'ओके'

वाशीत आमच्या सोसायटीत कुणी विमानाचं तिकीट काढलं की आधी आमच्या ह्यांचा सल्ला घेतो. कसले डोंबलाचे एक्सपर्ट!

मागे माझ्या बाबांची बदली गुवाहाटीला झाली होती, धाकट्या बहिणीचं लग्न तिथेच ठरलेलं. वाटेत दिल्ली-आग्रा फिरून मग पुढचं विमान. दिल्लीत उतरल्याबरोबर मी म्हटलं, "अहो, विमान कंपनीच्या ऑफिसात जाऊन पुढचं तिकीट रीकन्फर्म करून या, आम्ही नक्की येतोय म्हणून. नाहीतर सीटा दुसऱ्याला देतात."

"तिकिटावर ओके लिहिलंय ना? म्हणजे सीट पक्की. तुला काय कळतं त्यातलं!"

सीटा दिल्या दुसऱ्याला. बहिणीवर अक्षता पडल्या तेव्हा मी दिल्लीच्या विमानतळावर बाकड्यावर बसले होते.

परवा खालचे कुलकर्णी आले. मी चहा घेऊन बाहेर येते तर हे त्यांना सांगतायत, "रीकन्फर्म करायला विसरू नका हं. आमची ही विसरली होती."