डावा कौल

मायबापांनो, टाळ जरा खाली ठेवा! आज पहिला सवाल मी करतो. 'नाही' – एवढासा शब्द. तो कुणाच्या तोंडून आला म्हणजे खरा धरायचा? कंडक्टर म्हणाला, "जागा नाही" – मुकाट खाली उतरता! मग पोरगी म्हणाली तर?

ऐका तर. खाली कोकणात एक गाव. तिथली रुचिता, महादेव तेल्यांची लेक, बाजारात औषधाच्या दुकानात कामाला. सकाळी सायकलवर निघाली, की सड्यावरचा, त्या उघड्या कातळमाळावरचा वारा तिच्यासोबत चालायचा! आणि गावातलाच हर्षद परब. मुलगा वाईट नाही हो! पण प्रेम शिकला कुठे? सिनेमात! तिथं काय होतं? ती नाही म्हणते – हा हसतो. ती रागावते – हा मोटारसायकल मागे लावतो. ती थप्पड मारते – मागे सनई! आणि शेवटी गळ्यात हार! शिट्ट्या कुणी वाजवल्या? तुम्ही-आम्हीच ना?

हर्षदनं विचारलं. रुचितानं नीट सांगितलं, "नाय हर्षद. माझ्या मनात तसं काही नाय."

झालं! गड्याला वाटलं, आता गोष्ट रंगणार! रोज तिच्या वाटेवरच्या वळणावर उभा. एक दिवस तर बेंजोवाले आणले, भर बाजारात गुडघ्यावर बसला, मित्र मोबाइल धरून! रुचितानं दुकानाचं शटर ओढलं. बाजार हसला – "लाजली रे, लाजली!"

लाजली? अहो, ती आत खोक्यांच्या आडोशाला लपली होती!

घरी बाप म्हणाला, "रुचे, सोमवारपासून काम बंद. घरी बस."

"बाबानू, वाट त्यानं अडवली, नि घरी मी बसू?"

मंडळी, तुमच्याकडे आहे उत्तर?

रविवारी सगळं गाव देवळात. हर्षद पुढे झाला – कौल लावायला! भिवा गुरवांनी देवाच्या दोन्ही अंगांना भिजल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "ती माझी होणार काय, विचारा काका."

समईची वातसुद्धा हलेना... आणि पडली! डावी!

आता हर्षदनं काय केलं? हट्ट? गाणं? बेंजो? काही नाही! हात जोडले. मित्रच चुळबुळला, "काका, परत लावा!"

गुरव कडाडले, "देवाक तोच प्रश्न परत इचारूचा नसता!"

"गप रे," हर्षद म्हणाला, "देव नाय म्हणालो, विषय संपलो."

तेव्हा बायकांतून रुचिता उभी राहिली. "हर्षद! देवाचं नाय तुला एका पाकळीत कळलं. मी तर तोंडानं बोलले होते."

पोराची मान खाली गेली. मग तो सरळ तिच्या बापासमोर गेला. "काका, वाट मी अडवली. चूक माझी. तिचं काम सोडवू नका. त्या वळणावर मी पुन्हा दिसणार नाय."

बापानं लेकीकडे पाहिलं. म्हणाला, "सायकलीत हवा भरून ठेवतो गो."

आणि कुठल्याशा म्हातारीनं तिथंच ओवी धरली –

*लेकीचा तो शब्द, वाऱ्यावर नको सोडू*
*अंगणीची वेल, ओली वेल नको तोडू*

मागचे विचारतायत – "बुवा, मग लग्न झालं का?" बघा! अजून सिनेमा उतरला नाही! नाही हो! सोमवारी सायकल निघाली. वळण मोकळं होतं. रुचिता गुणगुणत गेली. हाच गोड शेवट!

आता पोरांनो, मोबाइल खिशात घाला आणि माझ्याकडे बघा. आणि "लाजली" म्हणून हसणाऱ्या थोरांनो, तुम्हीही! या देवळातून घरी जाताना एवढं पक्कं करून जा – दगडातल्या देवाचा डावा कौल मानता ना? मग जिवंत माणसाचा डावा कौल मिळाला, की नमस्कार करायचा आणि पायरी उतरायची! वाट सोडून!