वहीतलं वय

(१९४६. बेळगाव. दत्तोपंत मास्तरांची ओसरी. त्यांच्या मांडीवर मुलांच्या फुटबॉल क्लबाची वही. समोर खेड्यातून आलेला भरमू आणि त्याचा धाकटा मुलगा रवळू.)

भरमू – गुरुजी, दौत कशाला हुडकतायसा? तुमच्या गुडघ्यापाशीच हाय.

दत्तोपंत – दिसली रे. जागा नाही म्हणतोय मी. एकोणनव्वद पोरं झाली. चेंडू दोन, त्यातल्या एकाचा ब्लॅडर पंक्चरवाल्याकडे पडलाय.

भरमू – नव्वदावं एक. लई खात न्हाय त्ये.

दत्तोपंत – चेष्टा नको. पुढच्या वर्षी आण त्याला.

भरमू – काल कॅम्पातली दोन पोरं आली, त्यांची नावं बसली. धड मराठीबी येत न्हाय त्यांना, कानडीच बोलत्यात. बोलूं द्यात की. पर पाच मैल चालत येणाऱ्या पोरालाच तेवढी जागा न्हाय व्हय?

दत्तोपंत – तुला हे कुणी सांगितलं?

रवळू – मी, गुरुजी. भिंतीवर बसून बघत हुतो.

दत्तोपंत – तू वाचतोस छान, बाळ. गणितही बरं आहे तुझं. त्यात लक्ष घाल. फुटबॉल हवाच कशाला?

रवळू – दादा खेळायचा न्हवं?

भरमू – आता ह्याला काय सांगतासा, सांगा.

दत्तोपंत – रवळू, परसात जा. आडाचं ताजं पाणी आण बाबांना.

भरमू – न्हाय. बसू दे त्याला. ज्यासाठी त्याला धाडतायसा, त्ये त्याला ठावं हाय.

दत्तोपंत – काय ठाऊक आहे?

भरमू – थोरला मष्णू लढाईत गेल्याची तार आली, अन् चार महिन्यांनी पलटणीकडनं त्याची ट्रंक आली. आत कापडं, आरसा अन् एक घडी घातलेला कागद. मला कुठं वाचता येतंय? ह्यानं वाचला. तुमीच शिकवलंय त्याला.

रवळू – वर क्लबाचा शिक्का हुता. 'मष्णू भरमू, वय वर्षे अठरा.' खाली तुमची सही. सही नसती तरी वळखलं असतं. तुमचा 'अ' मी कुठंबी वळखतो.

दत्तोपंत – कधी वाचलास?

भरमू – औंदाच्या न्हवं, त्याच्या आदल्या शिमग्याला.

दत्तोपंत – म्हणजे वर्ष उलटून गेलं. वर्षभर तू बाजाराला येतोस, मला रामराम करतोस, ओल्या शेंगा ठेवून जातोस.

भरमू – शेंगांनी काय केलतं?

दत्तोपंत – भरमू, तेव्हा क्लबात तेराच पोरं होती. पलटणीच्या टीमनं मॅच द्यायचं कबूल केलं. पण अठराच्या आतलं पोर नको म्हणाले. बूट घालून खेळणारे बाप्ये ते, पोरांची हाडं मोडतील म्हणाले. बाकीचे सगळे अठराच्या वरचे, मष्णू तेवढा सोळाचा. त्याच्याशिवाय आमची टीमच नव्हती. मी वहीत अठरा लिहिलं, त्यावरून दाखला दिला. वाटलं, एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे.

भरमू – अन् त्यानं गोल मारला.

दत्तोपंत – अनवाणी. दुसऱ्या दिवशी या ओसरीवर बावीस पोरं नाव लिहायला. महिन्याभरात चाळीस झाली. मला इतका आनंद झाला, की त्या आनंदात दाखला परत मागायचा राहून गेला. सहा महिन्यांनी तोच घेऊन तो भरतीला गेला. मला कळलं तेव्हा त्याची गाडी लोंढ्याच्या पुढं गेली होती.

भरमू – भरतीवाल्यानं मलाबी इचारलं हुतं, पोराचं वय किती म्हणून. तंबाखूवर गारा पडल्या त्या साली झाला, एवढंच मला ठावं. मी म्हणलो, गुरुजींनी लिवलंय ते बरुबर. अन् अंगठा दिला.

दत्तोपंत – माझ्या अक्षरावर विसंबून दिलास.

भरमू – मग? तुमचं अक्षर खोटं असंल, असं कशाला वाटंल मला?

दत्तोपंत – म्हणून याचं नाव नको म्हणतोय. रोज नवं पोर येतं, मी लिहितो. लोक म्हणतात, मास्तर, क्लब केवढा वाढवलात. तो कशावर वाढला ते मला माहीत आहे. तुझ्या दुसऱ्या पोरावर माझा हात धजत नाही.

भरमू – मग ह्यानं जन्मभर भिंतीवर बसावं? झोपंत लाथा मारतंय म्हणती ह्याची आई. लिवा, गुरुजी. फकस्त खरं वय लिवा.

दत्तोपंत – हा कधीचा?

भरमू – मष्णूच्या मागनं नऊ वर्सांनी. काळी म्हस व्यालती, त्याच आठवड्यातला.

दत्तोपंत – मष्णू पंचवीस सालचा. म्हणजे हा चौतीस. बारा.

रवळू – गुरुजी, तेरा लिवा की. तेराच्या खालच्यांना तुमी मॅचमधी घेत न्हाईसा. एकच तर वर्स.

दत्तोपंत – तोही असंच म्हणाला होता. दोनच तर वर्षं, गुरुजी.

भरमू – गप रं, रवळ्या.

दत्तोपंत – बारा. हे बघ, लिहिलं. मॅच पुढच्या वर्षी. तोवर चेंडू अडवायला शीक. वाच बाबांना.

रवळू – 'रवळू भरमू, वय वर्षे बारा.'

भरमू – आता मष्णूचं पान काडा.

दत्तोपंत – ते कशाला? आता त्याचा काय उपयोग?

भरमू – उपयोग कसला? पलटणीच्या कागदात त्यो एकवीस वर्सांचा हून मेला. ह्याच्या आईला इचारा, तिचा एकोणीसच वर्सांचा हुता. त्यांच्या कागदाला माजा हात पोचत न्हाय. तुमची वही तर हितंच हाय.

दत्तोपंत – थांब. हे पान… हं. अठरा खोडलं. बाजूला सोळा, आणि खाली माझी सही. रवळू, हेही वाच.

रवळू – 'मष्णू भरमू, वय वर्षे सोळा.' म्हंजे अजून चार वर्सांनी मी दादाएवढा.