उतरवलेल्या सम्राटाचं नाणं

कॉन्स्टँटिनोपलमध्ये पावाच्या रांगेत माझ्यापुढे दोघीजणी बोलत होत्या. टांकसाळीत सम्राटांचे चेहरे मीच कोरतो, त्यामुळे कान आपोआप टवकारले.

"थेओफानो, पोराच्या गळ्यातलं नाणं काढ. या सम्राटाला काल गादीवरून उतरवलं."

"अगं, यानंच तर बाळाचा ताप उतरवला!"

"स्वतःची गादी राखता आली नाही, तो तुझं पोर काय राखणार? शिपायांनी बघितलं तर?"

"आणि काढल्यावर ताप परत आला तर?"

"मग उलटं घाल. मागे ख्रिस्त आहे, तो अजून गादीवर आहे."

"शिपायानं पालटून बघितलं म्हणजे?"

"नवाच सम्राट आहे म्हणून सांग. टांकसाळीतलं ते गाढव सगळ्यांना एकच तोंड देतं."

नवा सम्राट जुन्यापेक्षा वेगळा दिसावा म्हणून मी त्याला दाढी कोरणार होतो. तो बेत रांगेतच सोडला.