हाडाची सुई, लोखंडी आरी

[हान राजवटीतला चीन, पीत नदीकाठचं एक गाव. बाळंतिणीची खोली, दुपार. सासू, सून रुआन, कुशीत तीन दिवसांची मुलगी, आणि सुईण मेंग मावशी.]

सासू – पोटात जीव असताना लोखंडाला शिवू नकोस, पोराचा ओठ चिरतो, असं दहादा बजावलं तुला. काय केलंस? हसलीस!

रुआन – हसले, आत्याबाई. सांगता सांगता तुम्हीच कापडाचा ढिगारा पुढ्यात टाकत होतात, म्हणून हसले.

सासू – लोखंडी सुई मी काढून घेतली होती. हाडाची दिली होती.

रुआन – सैनिकांचे अंगरखे ते! आत बोटभर जाड रेशमाचा चोथा. हाडाच्या तीन सुया मोडल्या. आणि ‘थंडीआधी सीमेवर गेले पाहिजेत’ म्हणून रोज कोण मागे लागत होतं?

सासू – तुझाच नवरा आहे ना तिथे बुरुजावर? म्हणून काय आरी उचलायची? ती लोखंडाची नव्हती?

रुआन – आधी आरीनं भोक, मग त्यातून सुई. दुसरा इलाज नव्हता. तुम्ही समोरच बसला होतात, सोयाबीन निवडत.

सासू – माझं लक्ष नव्हतं.

मेंग मावशी – होतं की. मी होते तेव्हा. तुम्हीच म्हणालात, ‘आता कसा भराभर हात चालतोय!’

सासू – मावशी, तुम्ही तुमचं बाळंतपण बघा.

मेंग मावशी – तेच बघतेय. असे ओठ सहा-सात पाहिलेत मी. त्यातल्या कुंभारणीला तर टाकाही घालता येत नव्हता, नवरा फाटक्या विजारीत हिंडायचा. तिला म्हणे ससा आडवा गेला होता. कारण काय, शोधलं की सापडतं.

सासू – पुरे. आज तिसरा दिवस. पोरीला पलंगाखाली जमिनीवर ठेवायचं, मुठीत सूत कातायच्या चातीची मातीची चकती द्यायची, की ती घरची झाली. चकतीची पेटी मी उघडणार नाही.

रुआन – म्हणजे?

सासू – कळतंय तुला. दूध ओढता येत नाही तिला. उगाच जीव लावू नकोस.

रुआन – रेशमाच्या बोळ्यानं पाजतेय सकाळपासून. बावीस थेंब गेले पोटात. नाकातून आले ते मोजलेच नाहीत.

सासू – आणि उद्या हिला कोण करून घेईल?

रुआन – उद्याचं उद्या. मावशी, उठायला हात द्या. माझ्या माहेरी आहे चकती. माझी आहे.

सासू – महिना व्हायच्या आत उंबरा ओलांडतेस? अगं, वारं लागेल! माझा लेक आला की काय सांगू त्याला?

रुआन – म्हणावं, अंगरखा उसवून बघ. आरीची भोकं सगळी एका रेषेत आहेत.

सासू – जा मग. तुला कोण अडवतंय?

मेंग मावशी – गेल्या तुझ्या सासूबाई. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रुआन – चुलीकडे?

मेंग मावशी – नाही. तुझ्या धाकट्या जावेच्या खोलीत. काखोटीला अंगरख्यांचं कापड आहे.

रुआन – शीआला तिसरा महिना लागलाय ना?

मेंग मावशी – परवाच लागला.

रुआन – मावशी, या वाटेनं गेलात की तिच्याकडे डोकावत जा. ती म्हणेल, बरी आहे. तरी आत जा.