हात हलवत गेलेला चोर

नाही हो साहेब, गेलं काहीच नाही — तेच तर दुखणं आहे. कुलूप तोडलं, आत शिरला, दोन्ही खोल्या फिरला आणि हात हलवत परत गेला. हसा, खुशाल हसा, मीही आधी हसलोच होतो. विम्याच्या ऑफिसात कुणी असं गाऱ्हाणं घेऊन येतं का? नाही येत. तळ्याकाठचं घर आमचं, सुट्टीत जायचं — म्हणजे घर आपलं म्हणायचं. मी रंगारी माणूस, जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, म्हातारपणी म्हटलं चार भिंती आपल्याही असाव्यात. आत सामान काय काय? घ्या लिहून. खुर्च्या चार, चारही वेगवेगळ्या, कारण चार गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या. टेबल मी स्वतः केलंय — रंग उत्तम, बाकी हलतं. रेडिओ आहे, लागत नाही, पण दिसतो छान. पलंग आहे, तो काही चोराला दारातून निघाला नसता, आत घेताना आम्हालाच चौकट काढावी लागली होती. आणि... नाही, झालं. पान उलटू नका, एवढंच आहे.

तर मी बायकोला म्हटलं, बरं झालं, काही गेलं नाही. ती स्वयंपाकघरात नुसती उभी. त्या बाबानं चहा करून घेतला होता — आमचीच पावडर, आमचीच साखर — आणि जाताना कप धुऊन पालथा घातला होता. त्या कपाकडे बघत म्हणाली, "अहो, त्याला आपली कीव आली." बास. तेव्हापासून तिनं तिकडं पाऊल टाकलेलं नाही. गुडघे दुखतात म्हणते — तुम्हाला म्हणून सांगतो, बाजारात तरातरा चालते. मी एकटाच जातो, झाडलोट करतो, चारी खुर्च्यांवर आळीपाळीनं बसतो. एकट्यानं कसली सुट्टी साहेब, मला तर रोजच सुट्टी.

म्हणून म्हटलं, सामानाचा विमा घ्यावा. तुमच्यासारख्या कंपनीनं शिक्का मारून लिहिलं की हे जपण्यासारखं आहे, तर तिला जरा... हो, बरोबर आहे तुमचं, एवढ्याशा सामानाचा कुठं निघतो विमा. पण किमती असं एक आहे की. खिडकीचा पडदा. तिनं भरलाय — तळं, बदकं, पाण्यातली त्यांची सावलीसुद्धा — डोळे दुखेपर्यंत बसायची सुई घेऊन. चोरानं तो नुसता बाजूला सारला, पळायला वाट आहे का ते बघायला. तिला खरं तेच लागलंय, मी ओळखतो. त्याची किंमत लावा, तुम्हाला वाटेल ती. जागेवर येऊन बघणार? कशाला तसदी. आता तो तिथं नाहीच — म्हणजे आहे, घरी आहे, माझ्या रंगाच्या डब्यांमागं, कागदात नीट गुंडाळून. कालच काढून आणला. विमा झाला की तिला सांगणार होतो, तो चोर परत आला होता गं, आणि बाकी कशाला हात न लावता तेवढा पडदा घेऊन गेला. पैसा नको मला, एक दमडीही नको. तुमचा एक माणूस फक्त आला असता, तिला विचारलं असतं, बाई, कसा होता पडदा — बोलली असती हो, तासभर बोलली असती. मग नवा भरायचा म्हणून खिडकीचं माप घ्यायला तरी तिकडं...

साहेब, पेनाला टोपण का लावलंत?