पायथ्याची खुंटी

नाही हो साहेब, डोळे ठणठणीत आहेत माझे — त्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचून दाखवू? चौकशीला आलात ना, मग हे आधी लिहून घ्या. बावीस वर्षं दुर्बिणीला डोळा लावून धरणांचे भराव मोजलेत मी. मातीचं धरण चढवताना हलतंच — वर थर पडतो, खालची ओली माती दबते, बसते. किती बसेल याचा अंदाज आधीच काढलेला असतो. माझं काम काय? भरावात रोवलेल्या खुंट्या किती हलल्या ते मोजायचं, त्या अंदाजाशी ताडून बघायचं. खाली बसली तर बसू दे — पण पायथ्याची खुंटी बाहेर सरकायला लागली, म्हणजे उतारच घसरायला लागला, की भराव थांबवायचा. दुसरा इलाजच नाही.

आणि ती सरकत होती! आठवड्याला चार मिलिमीटर, मग नऊ, मग एकवीस. सांगणार कुणाला? इंजिनियरला. आणि इंजिनियर कोण — माझाच धाकटा भाऊ! आई गेली तेव्हा एवढासा होता, न्हाऊमाखू मी घातलंय त्याला. म्हटलं, "अरे, महिनाभर थर टाकू नकोस, आतलं पाणी निचरू दे." तर हसला. "दादा, माती बसतेच, तूच शिकवलंस ना? बघतो मी." बघतो म्हणाला, मी निर्धास्त. भाऊच तो.

काय बघितलं त्यानं? मोजणीच्या तक्त्यात एकविसाचे दोन केले. खाली सही माझी — नाही, खोटी नाही, माझीच. कोऱ्या तक्त्यांवर आधीच करून ठेवायचो, त्याची धावपळ वाचावी म्हणून. शुक्रवारी भरावाचा उतार सुटला. रोलरवाला रोलरसकट खाली गेला — सकाळीच मला हात करून वर चढला होता हो. आणि आता हा तुम्हाला लिहून देतो, दादाला हल्ली आकडे नीट दिसत नाहीत! मला? अहो, मंगळवारी त्याच्या टेबलावर तो तक्ता पडला होता, दारातूनच दिसला मला तो दोनाचा आकडा, स्पष्ट —

हो, मंगळवारी. त्याच आठवड्यातला.

नाही... बोललो नाही. जेवत होता तो. म्हटलं, दमलाय, दोन घास खाऊ दे, मग विचारू. मग बुधवार गेला, गुरुवार — तुम्ही काय लिहिताय? अहो, ते कशाला...

असू दे. लिहा. रोलरवाल्याच्या बायकोलाही वाचून दाखवा.

आणि निघा आता तुम्ही.