मालखान्याचा पंखा

आमचे लोक भंडाऱ्याकडचे. बाबा रेल्वेत लागले म्हणून रायपूरले आले, गुढियारीत राहिले, आन् आम्ही पोट्टे-पोट्ट्या इथलेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या बाईनं आवाज देला का त्यायच्या छत्तीसगढीत 'हव दीदी', म्हणजे हो ताई. मी कल्पना मेश्राम. नशेचा माल पकडणारं केंद्र सरकारचं जे खातं आहे ना, त्याच्या रायपूरच्या ऑफिसात मी हवालदार आहे, मालखाना सांभाळते, म्हणजे पकडलेला माल जिथी ठेवतात ते खोली.

लोकायले वाटते आम्ही दिवसभर पिस्तूल घेऊन धावून राहिलो. काय सांगू ताई तुम्हाले, माह्या हातात निरी सीलची लाख आन् सुतळी. आमचं असं आहे का दिल्लीले हेड ऑफिस, तिथी सर्वांत मोठे साहेब, त्यायच्या खाली देशभर झोन, झोनचे एक साहेब, मग सुपरिटेंडेंट, मग खबर काढणारे ऑफिसर, आन् खाली आम्ही हवालदार, शिपाई, ड्रायव्हर. एका राज्याचा मामला असला तर तिथले पोलीस पाहून घेतात, चार राज्यांत धागा गेला का आमच्याकडे येते. साहेब लोक बाहेरून येतात, कोणी पोलिसातून, कोणी कस्टममधून, तीन-चार वर्षं राहतात आन् आपल्या खात्यात वापस. मी तिथीच. मालखान्याले दोन कुलपं, एक चाबी सुपरिटेंडेंट साहेबांपाशी, एक माह्यापाशी, दोघं असल्याशिवाय दार उघडत नाही.

तर एका पावसाळ्यात ओडिशाकडून आलेल्या ट्रकात गांजा सापडला, पाच पोते. पाणी असं पडून राहिलं होतं का पंचनामा ताडपत्रीखाली झाला. माल हिरवा, ओला, तसाच तोलला, एकेका पोत्याचं वजन वेगळं लिहिलं, पंचायच्या सहीची चिठ्ठी आत टाकली, कापड शिवून लाखेचं सील मारलं. ओला आहे हे कागदावर लिहाचं कोणाले सुचलं नाही, मलेही नाही.

मालखान्यात पोते ठेवले तं दोन दिवसांत वास सुटला. मले वाटलं बुरशी लागली तर कोर्टात काय दाखवतीन, म्हणून साहेबांच्या समोर तीन पोते फळीवर, पंख्याखाली ठेवले. दोन मागच्या कोपऱ्यात गेले, जागाच नव्हती. पंख्याचं बटण दाराबाहेर आहे. रोज आली का लावाचा, घरी जाताना बंद करायचा, महिनोन् महिने. मी मोठी शहाणी, वाटे का सरकारी माल जपून राहिली.

ते साहेब बदलून गेले, नवे आले. केस उभी राहिली, पहिले फळीवरचे तीन पोते कोर्टात गेले, तोलले तं तिन्हींत मिळून अकरा किलो कमी. ट्रकवाल्याचा वकील म्हणे, बाकीचा माल ऑफिसवाल्यायनंच विकला. साहेबांनी त्याच दिवशी माह्यापासून चाबी घेतली, मले टपालाच्या टेबलावर बसवलं आन् चौकशी लावली. ज्या लोकायसोबत मी रोज डबा खाल्ला, ते माह्यासमोर बोलणं बंद करत. एवढ्या वर्षांची नोकरी, आन् मले चोर म्हणून पाहून राहिले, खूप रडली मी, संडासात जाऊन रडली.

मग एका दिवशी मी सांबार आणला, तुम्ही कोथिंबीर म्हणता तो, आन् टोपली घरी पंख्याखाली विसरली. सकाळी जुडी उचलली तं हातात काही वजनच नाही. म्हटलं, पोतेही असेच सुकले. माह्या पोट्टीले सांगतलं, तं ते म्हणे, मम्मी, चुप रहो, किसी ने पूछा है क्या, तुम ही फँस जाओगी. खरं बोलत होती ते. पंखा लावाचा हुकूम मले कोणी देला नव्हता.

तरी मी साहेबांपाशी गेली, म्हटलं, पंखा मी लावत होती, लिहून घ्या. आन् कोपऱ्यातले दोन पोते तोला, त्यायले हवा लागली नाही.

त्यायनं माह्यं म्हणणं कागदावर घेतलं. मग कोर्टाची परवानगी काढली. कोर्टात जजसाहेबांनी पाचही पोत्यांचे सील पाहिले, साबूत. आतल्या चिठ्ठ्या निघाल्या, पंचायनं आपापल्या सह्या ओळखल्या. कोपऱ्यातल्या दोघांचं वजन थोडंसंच उतरलं होतं, पंख्याखालच्या तिघांचं लय. जजसाहेबांनी मले विचारलं, थैला खोला था? म्हटलं, नहीं साहब, पंखा चलाया था, गलती मेरी है. वकील हसला. जजसाहेब नाही हसले, त्यायनं लिहून घेतलं. निकालात माल तोच आहे असं मान्य झालं, चौकशीही बंद झाली, पंख्यासाठी एक समज देणारं पत्र तेवढं मिळालं, ते मी सही करून घेतलं. आता आमच्या इथी माल ओला का सुका हे पंचनाम्यात पहिले लिहितात, आन् कोर्टाचा हुकूम घेऊन भट्टीत लवकर जाळतात, वर्षानुवर्षं पडून राहू देत नाहीत.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः टपालाच्या टेबलापाशी आले, चाबी पुढं धरली. सारे पाहून राहिले होते. म्हणे, दीदी, रख लो. मी हात पुढं केला नाही. म्हटलं, साहेब, अगोदर आतलं एकेक पोतं, एकेक पाकीट माह्यासमोर तोला, मग घेते चाबी. मले वाटलं चिडतीन. त्यायनं कोट काढला, खुर्चीवर टाकला, शिपायाले म्हणे काटा आणा, आन् संध्याकाळपर्यंत माह्यासोबत जमिनीवर बसून तोलत राहिले. शेवटचं पाकीट झाल्यावर त्यायनं माफी मागितली, सर्वायच्या समोर, आन् मी चाबी घेतली.

आता दोन वर्षं राहिले नोकरीचे. गुडघे दुखतात, पण चालते. देवाजवळ मी काही मागत नाही, आम्ही बुद्धाले मानणारे, पण मनात एवढंच येते का त्या खोलीत पोते कमी येवो, आन् माह्यानंतर जे कोणी बसन तिले घरी जाताना रडत जा लागू नये.